परगावच्या बिऱ्हाडातली जिम्नॅस्ट पोर: आईवडिलांनी काय सांभाळायचं

जळगावला दालमिलमध्ये नाहीतर चटईच्या कारखान्यात, धुळ्याला यंत्रमागावर, भुसावळला रेल्वेच्या ठेक्यावर, नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर. कामासाठी आलेली बिऱ्हाडं खान्देशात सगळीकडे आहेत. कुणी उत्तर प्रदेश-बिहारातून आलंय, कुणी राजस्थानातून, कुणी सातपुड्यातल्या पाड्यावरून. अशा घरातली सहा-सात वर्षांची पोर शाळेच्या मैदानात हातांवर चालताना दिसते आणि क्रीडाशिक्षक म्हणतात, हिला जिम्नॅस्टिक्सला घाला.

या पोरींना हिंमत कमी पडत नाही. सराव तुटतो, आणि घर व प्रशिक्षक यांच्यात थेट बोलणं होत नाही. बऱ्याच चांगल्या मुली या दोन कारणांनी मागे पडतात, आणि दोन्ही आईवडिलांच्या हातातली आहेत. पुढचं सगळं मुलींच्या आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्सबद्दल आहे, म्हणजे व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावरून उडी), अनइव्हन बार (कमी-जास्त उंचीच्या दोन दांड्या), बीम (अरुंद पट्टीवरचा तोल) आणि फ्लोअर (मॅटवरच्या उड्या). मुलांची उपकरणं सहा असतात, पण घरानं घ्यायची काळजी तीच.

हॉल बघायला स्वतः जा

फी विचारण्याआधी मॅट बघा. जाड लँडिंग मॅटवर गुडघा टेकून पूर्ण भार द्या. गुडघ्याला खालची फरशी लागली तर तिचा फोम बसलाय, त्यावर उंचावरून उतरणं धोक्याचं. स्पर्धेची लँडिंग मॅट 20 सेंटिमीटर जाड असते. दोन मॅटमध्ये फट आहे का तेही पाहा, घोटे तिथेच मुरगळतात. फ्लोअरखाली स्प्रिंग किंवा फोमचा थर आहे की नुसती सतरंजी, हे विचारा. सतरंजीवर कार्टव्हील (हातांवरून चाकासारखं फिरणं), हँडस्टँड (हातांवर उभं राहणं), लवचिकता शिकता येते. रोजच्या रोज बॅक हँडस्प्रिंगच्या (मागे हातांवर पडून पायांवर येणाऱ्या उडीच्या) माळा घालणं मात्र मनगटाला आणि टाचेला परवडत नाही.

तालुक्याच्या गावी जिम्नॅस्टिक्स हॉल नसेल आणि मल्लखांब असेल तर आठ-नऊ वर्षांपर्यंत तो खुशाल करू द्या. पुरलेल्या आणि दोरीच्या मल्लखांबानं पकड, खांदे, पोट आणि उलटं असताना अंगाचं भान तयार होतं. उंचावरून उतरणं आणि धावत येऊन उसळी मारणं त्यातून येत नाही, ते नंतर वेगळं शिकावं लागतं.

प्रशिक्षकांना तीन गोष्टी विचारा. प्रशिक्षण कुठे घेतलं (पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा, डिप्लोमा असेल तर चांगलं), एका वेळी किती मुलं घेतात, आणि हॉलमध्ये बाई असते का. उडी शिकवताना आधार द्यायला कंबरेला, मांडीला, खांद्याला हात लावावाच लागतो. तो कुठे आणि का लागतो हे प्रशिक्षकांनी तुमच्यासमोर दाखवायला हवं. दार बंद करून एकट्या मुलीचा सराव, रात्री तिच्याशी खासगी मेसेज, सगळ्यांसमोर वजन करून टोमणे, स्प्लिट (पाय पूर्ण फाकवून जमिनीला टेकणं) बसावी म्हणून पोरीच्या अंगावर बसणं, यातलं एक जरी दिसलं तरी तो हॉल सोडा. गैरवर्तनाची शंका असेल तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

मुलीला दुभाषी करू नका

घरात भोजपुरी, मारवाडी किंवा पावरी. प्रशिक्षक मराठी बोलणारे. पोर शाळेत मराठी शिकलेली, म्हणून सगळे निरोप तीच नेते-आणते. सर म्हणतात, "मनगटाचा फोटो काढून आणा." घरी ती सांगते, "काही नाही, सर म्हणाले दोन दिवस हळू कर." ती खोटारडी नसते. खर्चाचं ऐकून बापाचा चेहरा कसा होतो हे तिनं पाहिलेलं असतं, आणि स्पर्धेतून नाव कटेल ही धास्तीही असते. एका दुखण्याचे दोन अर्थ दोन घरी पोचतात आणि मधल्या दोन महिन्यांत हाड खराब होतं.

म्हणून महिन्यातून एकदा आईनं किंवा वडिलांनी हॉलवर जाऊन प्रशिक्षकांशी पंधरा मिनिटं बोलायचं. भाषा अडत असेल तर शेजारच्या काकू, दुकानदार, शाळेतल्या बाई, कुणीही मोठं माणूस बरोबर न्या. पोरीला त्या वेळी बाहेर खेळू द्या. प्रश्न ठरलेले ठेवा: या महिन्यात नवीन काय शिकवताय? कुठे दुखतं म्हणाली का? कोणती उडी अजून आधाराशिवाय करायची नाही? प्रशिक्षकांना सांगून ठेवा की दुखापतीचा निरोप फोनवर आवाज रेकॉर्ड करून थेट तुम्हाला पाठवायचा. लिहिलेलं वाचता येत नसेल तरी ऐकता येतं, आणि न कळलेला भाग दुसऱ्याला ऐकवता येतो.

अंगाच्या भागांची मराठी नावं घरातल्या मोठ्यांनी पाठ करा: मनगट, कोपर, खांदा, कंबर, जांघ, गुडघा, नडगी, घोटा, टाच. दुखण्याचे प्रकारही: ठसठसतं, चमक येते, सुन्न पडतं, सूज आहे. "पाय दुखतो" एवढ्यावर डॉक्टरांना काही कळत नाही. "उडीवरून उतरल्यावर टाचेत चमक येते, सकाळी नसते" यावरून अर्धं निदान होतं.

एक दोनशे पानी वही करा. रोज एक ओळ: तारीख, सराव किती तास, झोप किती तास, कुठे दुखलं, 0 ते 10 मध्ये किती. आईला लिहिता येत नसेल तर मुलीनं आकडा सांगून दुसऱ्या भावंडानं लिहावं. एकाच जागेचा आकडा सलग तीन दिवस 3 च्या वर गेला की प्रशिक्षकांना दाखवायचं, आठवडाभर राहिला तर डॉक्टरांना. ही वही डॉक्टर, प्रशिक्षक आणि पुढे हॉल बदलला तर नवे प्रशिक्षक, तिघांच्या कामाची.

किती तास, कोणत्या वयात

सहा ते आठ वर्षं: आठवड्यात तीन-चार दिवस, दीड ते दोन तास. नऊ ते अकरा: पाच दिवस, अडीच ते तीन तास. बाराच्या पुढे राष्ट्रीय पातळीचं ध्येय असेल तर आठवड्याला वीस तास आणि वर. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी, कोणत्याही वयात. झोप नऊ तास. दहा बाय बाराच्या खोलीत रात्रपाळीहून आलेला माणूस आणि टीव्ही असताना नऊ तास मिळवणं सोपं नाही. पोरीची जागा भिंतीकडच्या कोपऱ्यात करा, दिवा लवकर बंद करा.

घाई करू नका. आंतरराष्ट्रीय नियमानुसार मुलगी त्या कॅलेंडर वर्षात 16 पूर्ण करत असेल तरच वरिष्ठ गटात येते. अगरतळ्याची दीपा कर्माकर 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये व्हॉल्टला चौथी आली तेव्हा 23 वर्षांची होती. अकराव्या वर्षी जिल्ह्याचं पदक नाही म्हणून काही बुडालेलं नाही.

उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा 44-45 अंशांवर जातो आणि पत्र्याच्या हॉलमध्ये त्याहून वर. सराव सकाळी साडेपाच ते आठ. साडेआठनंतर पत्रा तापतो, मॅटचं रेक्झिन चटके देतं, आणि घामानं हातावरची मॅग्नेशियम पावडर चिखल होऊन बारवरून हात सुटतो. संध्याकाळी जायचंच असेल तर सातनंतर, आणि तेव्हा बारऐवजी लवचिकता आणि ताकदीचं काम.

घरून निघण्याआधी दोन भांडी पाणी, सरावात दर वीस मिनिटांनी अर्धं भांडं. तहान लागायची वाट बघायची नाही. दोन तासांहून जास्त सराव असेल तर ओआरएस. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर पूर्ण एक लिटरच पाणी. कमी पाण्यात घट्ट कालवलेलं ओआरएस मुलांना त्रास देतं. उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही. लघवी गर्द पिवळी म्हणजे पाणी कमी पडतंय. डोकं दुखणं, मळमळ, अंगावर काटा, बोलण्यात गोंधळ दिसला की सराव थांबवा, सावलीत घ्या, काखेत आणि मानेवर ओला कपडा ठेवा. गोंधळ किंवा गुंगी असेल तर थंड करत करतच दवाखाना गाठा.

घरातला अर्धा तास

घरी उड्या नाहीत. गादीवर बॅक टक (हात न टेकता मागे कोलांटी), पलंगावरून उतरणं, गच्चीवर फ्लिप, यांतून मानेची दुखापत होते. घरी करायचं ते असं: पोट भिंतीकडे करून हँडस्टँड, तळहात भिंतीपासून वीतभर, 30 सेकंद पाच वेळा. पाठ जमिनीला चिकटवून हॉलो (उताणं पडून हात-पाय किंचित उचलून धरणं), 20-30 सेकंद चार वेळा. पालथं पडून आर्च (छाती आणि पाय वर उचलून धरणं) तेवढंच. दोन्ही पायांच्या स्प्लिट एकेक मिनिट दोनदा, अंग गरम झाल्यावरच. टाचा उचलणं पंधरा-पंधरा. यात धपधप आवाज होत नाही, त्यामुळे खालच्या मजल्यावरच्यांची तक्रारही येत नाही.

बीम घरी करता येतो. अमेरिकेतल्या मिनेसोटात वाढलेल्या, लाओसहून आलेल्या हमोंग जमातीच्या निर्वासित कुटुंबातल्या सुनीसा लीला तिच्या वडिलांनी परसात लाकडाचा बीम करून दिला होता. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिनं सर्वंकष (चारही उपकरणं मिळून) सुवर्ण जिंकलं. स्पर्धेचा बीम 5 मीटर लांब, 10 सेंटिमीटर रुंद आणि 125 सेंटिमीटर उंच असतो. घरचा जमिनीलगतच हवा.

आठ फुटी दोन फळ्या घ्या, दोन इंच जाड आणि चार इंच उंच. देवदाराच्या चालतात, सागाची गरज नाही. पण वाकलेली किंवा गाठ असलेली फळी परत करा. दोन्ही उभ्या चिकटवून शेजारी-शेजारी जोडा, दर फुटावर बाजूनं स्क्रू मारा आणि स्क्रूची डोकी आत बुडवा. वरची रुंदी चार इंच येते, म्हणजे 10 सेंटिमीटरला जवळ. रुंदी नीट मोजून घ्या, साइजची फळी कधी कधी पाव इंच कमी भरते. वरच्या कडा रंधून गोल करा. खाली दीड फुटाचे तीन आडवे पाय, एक मधे आणि दोन अगदी टोकांना. टोकाचा पाय आत घेतला तर मुलगी टोकाशी उभी राहताच दुसरी बाजू वर उचलते. हीच चूक सर्रास होते. वर पातळ फोमची पट्टी, त्यावर जाड कॅनव्हास ताणून खालून स्टेपल करा. गुळगुळीत रेक्झिन लावू नका, घामाच्या पायानं सटकतं. या बीमवर चालणं, वळणं, पायाच्या बोटांवर थांबणं आणि छोट्या उड्या. कार्टव्हील प्रशिक्षकांनी हो म्हटल्यावर.

गावी जाणं

लग्नसराईत महिनाभर, छठला किंवा होळीला पंधरा दिवस, दिवाळीनंतर ऊसतोडीला चार-पाच महिने. बिऱ्हाडाचं कॅलेंडर असं असतं आणि ते बदलत नाही. पोरीचं वेळापत्रक त्यात बसवा. निघण्याच्या महिनाभर आधी प्रशिक्षकांना तारखा सांगा, म्हणजे ते त्या काळात नवीन उडी सुरू करणार नाहीत. अर्धवट शिकलेली उडी खंडानंतर सगळ्यात धोक्याची; डोक्याला आठवते, अंगाला आठवत नाही.

गावी वरचा अर्ध्या तासाचा सराव रोज. आंब्याच्या किंवा कडुलिंबाच्या मजबूत फांदीला लोंबकळणं पाच वेळा वीस सेकंद केलं तर पकड टिकते. परतल्यावर जितके आठवडे खंड, साधारण तितकेच आठवडे मूळ जागी यायला लागतात. महिन्याच्या खंडानंतर पहिला आठवडा फक्त ताकद आणि मूलभूत हालचाली, दुसऱ्यात सगळ्या उड्या मऊ मॅटवर आणि आधारानं, उंचावरून उतरणं तिसऱ्यात. "स्पर्धा जवळ आहे" म्हणून हा क्रम तोडला तर घोटा किंवा कोपर जातं. ऊसतोडीला जाणारं कुटुंब असेल तर मुलीला आजी-मामाकडे किंवा वसतिगृहात ठेवण्याची सोय ऑगस्टमध्येच बघा, दिवाळीला उशीर झालेला असतो.

वाढतं हाड

जिम्नॅस्ट मुलीची उंची दर तीन महिन्यांनी मोजा. भाड्याच्या भिंतीवर रेघा चालत नसतील तर कपाटाच्या कडेवर टेप चिकटवा. सकाळी, अनवाणी, टाचा टेकून, डोक्यावर वही आडवी धरून मोजा. तीन महिन्यांत दीड-दोन सेंटिमीटर वाढ दिसली की पोर झपाट्यानं वाढतेय. हाड आधी लांबतं, स्नायू मागून येतो. कालपर्यंत जमणारी उडी बिघडते, स्प्लिट आखडते. तो आळस नाही. ही नोंद प्रशिक्षकांना द्या आणि काही महिने उंचावरून उतरण्याची संख्या कमी करायला सांगा.

वाढीच्या टोकांवरचा ताण ठरलेल्या जागी दिसतो. टाचेचा मागचा भाग साधारण आठ ते तेरा वर्षांत दुखतो. विश्रांती, पोटरीचा ताण सैल करणं आणि चपलेत टाचेखाली मऊ पट्टी यांनी बहुधा बरा होतो. गुडघ्याखालच्या टेंगळाचंही तसंच. मनगट मात्र गंभीरपणे घ्या. हँडस्टँडमध्ये मनगटाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याकडे दुखत असेल तर एक्स-रे काढा. बरं होईपर्यंत हातांवर भार नाही, साधारण सहा आठवडे, कधी तीन महिनेही. दुर्लक्ष केलं तर तिथलं हाड वाढायचं थांबून मनगट कायमचं वाकडं होऊ शकतं. मागे कमान करताना कंबरेत एका बाजूला चमक दोन-तीन आठवडे राहिली तर हाडांच्या डॉक्टरकडेच जा. मणक्याचा बारीक तडा साध्या एक्स-रेत दर वेळी दिसत नाही, एमआरआय लागू शकतो.

हाडवैद्याकडून ओढून बसवणं आणि तेल रगडणं वाढीच्या वयात नको, माणूस कितीही नावाजलेला असो. डोक्यावर पडल्यावर उलटी, गुंगी, नजर दुहेरी झाली तर रात्र काढू नका.

तळहाताची कातडी सोलली तर साबणानं धुवा, लोंबणारा तुकडा स्वच्छ कात्रीनं कापा, ओढू नका. रात्री पेट्रोलियम जेली. घट्टे आंघोळीत वजरीनं घासून सपाट ठेवा. उंच घट्टाच सोलतो. ग्रिप (बारवर पकडीसाठी तळहाताला बांधायचा चामडी पट्टा) मोठी असली की पुढे वापरता येईल म्हणून घ्यायची नाही. सैल ग्रिप बारवर स्वतःवरच गुंडाळून अडकते आणि हाताचं हाड मोडतं.

ताटात काय

पोरीला बारीक ठेवायची म्हणून जेवण तोडणं हा या खेळातला सगळ्यात वाईट सल्ला. खान्देशी स्वयंपाक या कामाला उत्तम आहे. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद असतो, त्यानं प्रथिनं वाढतात. सरावाआधी दोन-अडीच तास भाकरी-वरण किंवा खिचडी, पाऊण तास आधी एक केळं, सरावानंतर तासाभरात दूध, गूळ-फुटाणे किंवा अंडी. शेवभाजी, भरीत-पुरी रात्री खुशाल, सरावाआधी नको. तिखट-तेलकट पोटात असताना उलटं व्हायचं म्हणजे जळजळ. लोहासाठी मेथी-चवळईवर लिंबू पिळा, जेवणावर लगेच चहा देऊ नका.

पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही, किंवा येऊन सलग तीन महिने चुकली, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. अंगातल्या ताकदीचा खर्च जास्त आणि खाणं कमी असं झालं की शरीर आधी पाळी बंद करतं आणि मग हाडं ठिसूळ होतात. नवरात्राचा उपवास किंवा रोजा धरणाऱ्या मुलीला त्या दिवशी बार, बीम आणि नव्या उड्या नकोत. सराव शक्यतो इफ्तारनंतर किंवा फराळानंतर, लवचिकतेचाच. हे प्रशिक्षकांना आधी सांगा, त्यांना अंदाजानं समजू देऊ नका.

पायघोळ पोशाख हवा असेल म्हणून पोरीला खेळातून काढू नका. घोट्यापर्यंत पाय झाकणारा एकसंध पोशाख आंतरराष्ट्रीय नियमांत बसतो. जर्मनीच्या मुलींनी टोकियोत तो घातला होता. स्थानिक स्पर्धेआधी आयोजकांना विचारून ठेवा. सैल सलवार मात्र बारमध्ये अडकते, ती नको.

कागद

जन्मदाखला, आधार, शाळेचा बोनाफाइड आणि बँक पासबुक, चारही ठिकाणी नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच हवी. गावाकडच्या दाखल्यावर "कुमारी" किंवा फक्त पहिलं नाव असेल तर ते दुरुस्त करायला महिने जातात. गावी जाल तेव्हा हे काम पहिल्याच दिवशी घ्या. जन्मनोंद वर्षाहून उशिरा करायची असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. वय कमी दाखवू नका. मनगटाच्या एक्स-रेवरून वय तपासतात, आणि वय चोरलेलं निघालं तर बंदी पोरीवर येते, दाखला बदलून देणाऱ्यावर नाही.

शालेय स्पर्धा शाळेमार्फत: जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य. संघटनेच्या स्पर्धा जिल्हा संघटनेच्या नोंदणीवर. सुरतेला किंवा गावी नाव असताना इथेही नोंदवलं तर दोन्ही रद्द होऊ शकतात, म्हणून जुन्या ठिकाणचं आधी काढा. पुढे सरकारी नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण घ्यायचं तर महाराष्ट्राचा अधिवास लागतो, आणि त्यासाठी साधारण 15 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा. भाडेकरार, वीजबिलं, रेशनकार्ड, शाळेचे दाखले आजपासून एका प्लॅस्टिकच्या फाइलीत ठेवा. खोली बदलताना हेच कागद हरवतात. स्पर्धेची प्रमाणपत्रं त्याच फाइलीत, लॅमिनेट न करता. पडताळणीत लॅमिनेट केलेल्या कागदावर अडवणूक होते.

बाहेर पाठवायचं कधी

जायंट (बारभोवती अंग ताठ ठेवून पूर्ण फेरा), व्हॉल्टवरच्या अवघड उड्या आणि बीमवरचा बॅक टक शिकायला फोमचा खड्डा लागतो. जवळच्या हॉलमध्ये तो नसेल तर या टप्प्यावर पोर अडते. मग पर्याय म्हणजे छत्रपती संभाजीनगर, नाशिक, मुंबई-ठाणे किंवा पुणे. पुण्यात बालेवाडीला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत राहून शिकता येतं. निवडीत 30 मीटर धाव, उभ्यानं लांब उडी, 800 मीटर धाव अशा चाचण्या असतात, त्या तीन महिने आधीपासून करून घ्या. नुसती लवचिकता बघून निवडत नाहीत.

दहाव्या-अकराव्या वर्षाआधी पाठवू नका. तोपर्यंत तिला स्वतःचं दुखणं स्वतः नीट सांगता यायला हवं, तेही मोठ्या माणसाला न घाबरता. पाठवताना वहीची प्रत नव्या प्रशिक्षकांना द्या. आठवड्यातून दोनदा फोनची वेळ ठरवा, आणि तो फोन वॉर्डनच्या खोलीतून नको, तिला एकटीला बोलता येईल अशा जागेवरून. घरच्या भाषेत बोला. पदकाचं नंतर विचारा. आधी काय जेवलीस, किती झोपलीस, कुठे दुखतंय, या क्रमानं.